भोंग्यावरचं दूध

माझं दूध आटवलंत तुम्ही, अण्णा, आणि वर चार लोकांत म्हणालात, पोरीची प्रकृतीच नाजूक. बाप मेला की लेक विसरते असं वाटलं असेल, तर तेवढी मी भली नाही. कसे आहात विचारत नाही. मेलेल्या माणसाला काय होणार?

पहिल्या बाळंतपणाला मी खडकीच्या क्वार्टरमध्ये तुमच्याकडे आले. कुठल्याशा डॉक्टरचं व्याख्यान ऐकून आला होतात तुम्ही. नव्या देशाला नवी शरीरं हवीत म्हणे. धुरी बंद, शेक बंद, डिंकाचे लाडू बंद, सगळा अडाणीपणा. बाळाला पाजायचं ते कारखान्याचा भोंगा झाला की, मधे नाही. तुमची रात्रपाळी, म्हणून दिवसभर दारात खुर्ची टाकून पहारा. पोर रडून काळंनिळं पडतंय, माझा ब्लाउज पुढून भिजलाय. "अण्णा, भूक लागलीय त्याला." "भूक नाही ती, खोड आहे. शरीराला शिस्त लागते." आत आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. हळूहळू दूध गेलं, मग तुम्ही पावडरचा डबा आणलात आणि बक्षीस मिळाल्यासारखा शेजारीपाजारी दाखवलात.

तेच उपाशी पोर आता आजोबा झालंय. गेल्या आठवड्यात कोथरूडच्या घरी त्याच्या लेकीचं तान्हं रडत होतं आणि ती फोन बघत बसलेली. "आजी, अजून अलार्म व्हायचाय. रुटीन बिघडतं." म्हटलं, "बाळ आहे ते, सुटणारी बस नाही." तर मागून माझा मुलगा म्हणतो, "आई, तू मधे पडू नकोस. शरीराला शिस्त लागते." तुम्हाला जाळलं, आवाज जाळायचा राहिला. मी फोन उचलला आणि तांदळाच्या डब्यात पुरला. पोरगी रडायला लागली. कुर्ता तिचाही भिजला होता. मग घेतलंन बाळाला. मुलगा अजून माझ्याशी बोलत नाही. नको बोलू दे.

हे पत्र मी टाकणार नाही, तुमच्यावर तिकीट कोण वाया घालवणार? एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी कोथरूडला बाळ रडलं तेव्हा माझी नजर आधी घड्याळाकडेच गेली.

उत्तर तुम्ही द्यायचं नाही. तुमचं ऐकून झालंय. आईला लिहायला बसवा, तीही तिकडेच आहे. लिहिता येत नाही म्हणाली तर चालणार नाही, एव्हाना शिकली असेल. मी तान्ही असताना रडले, तेव्हा तिने मला उचललं की भाकरीच थापत राहिली, ते तिनेच सांगायचं. आणि ती सांगेल तेव्हा तुम्ही दारात बसायचं नाही.