हुंगायच्या आणि चाखायच्या वस्तू

१० मार्च
शुक्रवारी ओपन लेसन. जिल्ह्याची कमिटी मागच्या बाकांवर बसून माझा तास बघणार. पास झालो तर इंग्रजी माझ्याकडे राहील. नाही तर पुन्हा सुतारकामाचे तास, आणि इंग्रजी त्या नव्या शिक्षिका पोरीकडे. मी मुळीच घाबरलेलो नाही. जेवण गेलं नाही ते मटणात चरबी जास्त होती म्हणून.

११ मार्च
विषय ठरला. वस्तू कशी दिसते, वास कसा, चव कशी, हाताला कशी लागते. लुक्स, स्मेल्स, टेस्ट्स, फील्स. वस्तू: मध, सफरचंद, वाळवलेल्या दह्याचे खारट कुरुत, पिठाचे ताजे तळलेले बोरसोक. बायको बुरुल म्हणाली, तुमच्या पोरांनी हुंगावं म्हणून मी पहाटे उठून तळत बसू काय? बसणार आहे.

१२ मार्च
रंगीत तालीम. प्रत्येकाला एकेक वाक्य पाठ करायला दिलं. आयपेरीने विचारलं, अगाय (आमच्याकडे सरांना असंच म्हणतात), न चाखताच मध गोड कसं म्हणू? म्हटलं, पाठ केलंय तेवढंच बोल. पोरगी धोक्याची आहे. शेवटच्या बाकावर बसवायची.

१४ मार्च, सकाळी
हात गार पडलेत. थंडीच तशी आहे. आवाज बसलाय, तालमीमुळे. टेबलावर बुरुलचं भरतकामाचं कापड अंथरून वस्तू मांडल्या. झकास.

१४ मार्च, दुपारी
कापड अंथरायला नको होतं. कापडावर खाणं मांडलेलं आणि समोर पाहुणे! हेडबाई कनिशाय एजे आल्या आल्या म्हणाल्या, घ्या ना, आमच्या अगायनी तुमच्यासाठी केवढी तयारी केलीय! नाही म्हणणं कमिटीलाही शोभलं नसतं. थांबवायला मी तोंड उघडलं. आवाज फुटेना. फुटला तेव्हा बाहेर पडलं, आणखी घ्या. कमिटीच्या प्रमुख दामिरा एजेंनी उरलेले कुरुत नातवासाठी पर्समध्ये टाकले.

तास सुरू व्हायची घंटा झाली. टेबलावर फक्त सफरचंदाचं देठ. पहिल्या मुलाने ते हुंगून पाठ वाक्य म्हटलं: बोरसोक ताजे दिसतात. मला दरदरून घाम. शेगडी जवळ होती.

दामिरा एजे म्हणाल्या, पाठांतर पुरे. शेजारच्या बाकावर आयपेरी, मीच बसवलेली. तिला म्हणाल्या, समोर जे आहे त्याचं सांग, बाळ.

समोर मी होतो.

ती उठून आली, माझा हात धरला. मग इंग्रजीत, न अडखळता: अगाय पांढरे दिसतात. आवाज कोकरासारखा येतो. हात बर्फासारखा लागतो. कांद्याचा वास येतो. आणि हळूच, अगायना फार भीती वाटतेय.

एकही चूक नाही. तास संपायची घंटा होईपर्यंत तिने हात सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही. बरं वाटत होतं.

१५ मार्च
पास! इंग्रजी माझंच. म्हणालोच होतो, घाबरण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी कनिशाय एजे घरी येऊन गेल्या. कमिटी बेहद्द खूश आहे. नौरुझचा सण झाला की हाच तास अख्ख्या प्रांतासमोर, नारिन शहरातल्या मोठ्या सभागृहात. मी विचारलं, वस्तू कोणत्या आणू? म्हणाल्या, वस्तू कशाला? तुम्ही आलात की झालं.