साखर उतरली तेव्हा

आई, डोहाळजेवणात तू बासुंदीची वाटी बाजूला सारलीस तो दिवस आज उगाच आठवतो आहे. माझ्यानंतर दहा वर्षांनी तुला दिवस गेले, म्हणून आजीने हौसेने डहाणू रोडच्या आपल्या रेल्वे क्वार्टरात बायका जमवल्या होत्या. मी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगातून सुट्टीत घरी आले होते. लघवीत साखर निघाल्यापासून डॉक्टरांनी तुझं गोड तोडलं होतं, इन्सुलिन चालू होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी शेजारच्या गुजराती काकी म्हणाल्या, “बेन, थोडुं तो खाओ!” आजी म्हणाली, “पोटातलं मागतंय, तू कोण नको म्हणणारी?”

“डॉक्टर नको म्हणालेत.”

“डॉक्टरला कधी दिवस गेलेत गं?”

सगळ्या हसल्या. तूही हसलीस, पण चमचा उचलला नाहीस.

बाळ मेलेलंच जन्मलं. चांगलं थोराड, गुटगुटीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला आजी सांगायची, “उपाशी मारलं हिनं त्याला.” उपाशी! तेवढ्या अंगाचं मूल! बायका माना डोलवायच्या, आणि बाबा मान खाली घालून चहा पीत बसायचे.

मग तू बोलेनाशी झालीस. बाबा स्टोव्हवर काचेची सिरिंज उकळतात, तू दंड पुढे करतेस, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. डॉक्टर येतात, निळ्या औषधात लघवी तापवतात. रंग निळाच राहतो. “वा, साखर उतरली! आता काय तक्रार?” तू भिंतीकडे बघत राहतेस. “बाई हट्टी आहेत,” ते बाबांना सांगतात. शिकलेला माणूस! लघवीचा रंग पाहिला, चेहऱ्याचा नाही. पुढे तू गेलीस, तेव्हाही सगळ्यांनी साखरेलाच बोल लावला.

परवा माझ्या गरोदर नातीला दवाखान्यात नेलं. तिचीही साखर वाढली आहे. तिथली पोरगेली डॉक्टरीण तिला विचारते, “झोप लागते? रडू येतं? साखरेचं ओझं मनावरही येतं, लपवू नकोस.” मला संताप आला. एवढं साधं तुला कुणालाच विचारता आलं नाही? मग ती माझ्याकडे वळली. “आजी, घरात आधी कुणाला काही त्रास?”

“माझ्या आईला साखर होती.”

ती पुढचं ऐकायला थांबली. मी पिशवी उचलली. बाहेर आल्यावर नात म्हणाली, “एवढंच ना गं?”

“एवढंच,” मी म्हटलं. म्हणताना मला काहीच वाटलं नाही. हे लिहिलेले कागद कुठे धाडायची सोय नाही, म्हणून तिच्यापासून लपवलं ते तुलाच सांगते.