धुरपदाने सही करू नये

येडशी, तालुका उस्मानाबाद
दि. ९ नोव्हेंबर १९६४

हा कागद दोन वर्षांपूर्वीच करायला हवा होता. शरमेने गप्प राहिलो. त्यात ज्यांचे नुकसान झाले असते, त्यांची प्रथम क्षमा मागतो.

मी अंबादास थोमा रणदिवे, वय शेहेचाळीस, धंदा शिक्षकी, लिहून ठेवतो की मी पूर्ण शुद्धीवर आहे. मनात शंका आहेत, पण त्या जन्मापासूनच्या. छातीच्या दुखण्याने आलेल्या नाहीत. कोणी भरीला घातलेले नाही. माझे १९६२ सालचे मृत्युपत्र मी रद्द करतो.

ते का, हे आधी सांगतो. त्यात मी घर धुरपदाला दिले आणि साक्षीदार म्हणून सहीही तिचीच घेतली. तिच्यापासून काही लपवू नये, असे तेव्हा स्वतःला सांगितले. खरे तर सही करताना तिचे डोळे भरून यावेत आणि ते मला दिसावेत, अशी माझी इच्छा होती. नारायणराव वकिलांनी कागद वाचून चष्मा काढला. "मास्तर, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नसतं. तुम्ही पोरीच्याच हातून पोरीचं घर काढून घेतलंत की! आता ते जाईल तुमच्या भावाला."

देव अनाथांचा बाप आहे, असे मी वीस वर्षे रविवारी चर्चच्या मंडळीत सांगत आलो. तो बाप उपकाराची पोच मागत नाही, हे मला वकिलाच्या ओसरीवर कळले.

कलम १. स्टेशनजवळचे माझे दोन खणांचे घर, मागच्या लिंबाच्या झाडासह, धुरपदाला. एकोणपन्नासच्या पटकीच्या साथीत बेंबळीला तिचे आईबाप एका आठवड्यात गेले. ती सहा वर्षांची होती. विहिरीत औषध टाकणाऱ्यांबरोबर मी तिथे गेलो, तेव्हा तिचा चुलता दगडोबा दावणीची म्हैस सोडून नेत होता. मी विचारले, "आणि पोरगी?"

"म्हैस दूध देती, मास्तर. पोरगी काय देती?"

मी तिला सायकलवर पुढे बसवून आणले. माझी पत्नी चंद्रप्रभा, आता ख्रिस्तवासी, हिने कुणाची म्हणून विचारले नाही. "जेवलीय का?" एवढेच विचारले.

आम्हा ख्रिस्ती लोकांना कायद्याने दत्तक घेता येत नाही, म्हणून हे लिहावे लागते. जुन्या कागदात मी 'माझी आश्रित' असे लिहिले होते. येथे 'माझी मुलगी' असे लिहितो. कायद्याला जे मानायचे ते मानो.

कलम २. घर देण्यास कसलीही अट नाही. माझा धाकटा भाऊ बलभीम म्हणतो, "दादा, लेकरू सांभाळलं, लई चांगलं केलं. पण ती रक्ताची न्हाय, बाप्तिस्मा बी घेतला न्हाय. घर कशापायी?" बाप्तिस्मा तिने मागितलेला नाही. मागितला तर मला आनंद होईल. न मागो, लग्न कुठेही करो, माझ्याशी भांडून जावो, घर तिचेच.

कलम ३. सायकल बलभीमला. ती बहुतेक त्याच्याकडेच असते.

कलम ४. दगडोबाला काही नाही. त्याच्यावरचा पंधरा वर्षांचा राग मात्र येथे सोडतो. सगळा सुटला असे लिहिणे खोटे होईल.

कलम ५. चंद्रप्रभा घरात एक गोधडी नेहमी जास्तीची ठेवी. "कुणाचं लेकरू कधी दारात येईल, काय सांगावं." ती गोधडी ट्रंकेत आहे. धुरपदाने ती अधूनमधून उन्हात घालावी आणि दार वाजले तर बाहेर काढावी. हा हुकूम नव्हे, विनंती आहे. कलम २ याहून मोठे.

सही : अंबादास थोमा रणदिवे

ज्यांना या कागदातून काहीही मिळत नाही, असे साक्षीदार. मी त्यांच्यादेखत व त्यांनी माझ्यादेखत सही केली :
१. गुरुसिद्धप्पा मठपती, किराणा दुकानदार, येडशी
२. शारदा पाठक, शिक्षिका, येडशी

(यापुढील मजकूर मृत्युपत्राचा भाग नाही. सह्या चालू असता धुरपदा चहा घेऊन आली आणि दौतीतल्या टाकाकडे हात नेत म्हणाली, "मागल्या वेळी मीच केली होती की, मास्तर." मी चारचौघांत "तू नको" म्हणालो. कप ठेवून ती आत गेली. तेव्हापासून बोललेली नाही.)

उद्या : धुरपदाला जवळ बसवून हा कागद पहिल्यापासून वाचून दाखवणे.