ऐकणाऱ्या माणसाविरुद्ध तक्रार

तीर्थरूप मामांस,

हात जोडायचे तर दोन्ही हातांना साच्याचं ओलं प्लॅस्टर लागलंय, पेनापुरती दोन बोटं कशीबशी धुतली आहेत, तेव्हा नमस्कार कोपरानेच केला असं समजा. तुमचा खोकला कसा आहे? मामींनी तुमची विडी सोडवली, की तुम्ही फक्त जागा बदललीत? इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. आणि त्याला जबाबदार तुमचे वर्गमित्र आहेत, हे आत्ताच सांगून टाकतो.

कॉलेज मी अर्धवट सोडलं तेव्हा तुम्हीच मला त्यांच्या, म्हणजे सरांच्या, स्टुडिओत चिकटवलंत. सर मोठे शिल्पकार आहेत, कबूल. गावातले निम्मे पुतळे त्यांचे. तरुणपणी त्यांनी घोडे आणि घोड्यांवरची माणसं केली. मग त्यांना घोड्यांचा कंटाळा आला आणि पिशवी घेतलेली बाई, बसची वाट बघणारा म्हातारा अशी चौथऱ्याशिवायची, सरळ जमिनीवर उभी राहणारी माणसं ते करू लागले. (तो म्हातारा इतका खरा झालाय की नवीन कंडक्टर अजून त्याला ‘आजोबा, चढा लवकर’ म्हणून ओरडतात.) तर गेल्या वर्षी ग्रंथालयाच्या बागेचं काम आलं. बाकाच्या एका टोकाला बसलेला ब्राँझचा माणूस, शेजारची जागा लोकांना मोकळी. नाव ‘ऐकणारा माणूस’. आणि त्यासाठी समोर बसवलं कोणाला, तर मला. ज्याला तुमची बहीण जेवतानासुद्धा गप्प करू शकली नाही, त्याला.

मातीकाम चालू असताना बोललं की जबडा हलतो, आणि जबडा हलला की सर हातातला गोळा जमिनीवर आपटतात. शेवटी म्हणाले, अशा एखादीचा विचार कर, जिचं बोलणं संपूच नये असं वाटेल. मी केला. कोणाचा, ते मामींनी तुम्हाला सांगितलंच असेल (मी फक्त त्यांनाच लिहिलं होतं आणि ‘कोणाला सांगू नका’ खाली रेघ मारली होती). ती त्याच ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या काउंटरवर असते. तिच्याशी दोन शब्द बोलावेत म्हणून मी रोज जातो आणि रोज भांडून येतो. एकदा फाटक्या पानावरून, एकदा पंख्यावरून, एकदा तर ती ‘बरं’ ज्या स्वरात म्हणाली त्यावरून. पण स्टुडिओत नुसता तिला आठवून बसलो, तर माझा चेहरा म्हणे असा काही झाला की सर शिट्टी वाजवत काम करायला लागले.

आता अन्याय ऐका. माझ्या कपाळावरची आठी सरांनी अंगठ्याने पुसून टाकली. का, तर तिथे पाणी साचून ब्राँझवर हिरवे ओघळ येतात. अहो, माझं निम्मं व्यक्तिमत्त्व त्या आठीत आहे. बरं, अनावरणाच्या दिवशी सरांचं कौतुक झालं, ओतकाम करणाऱ्यांचं झालं, माळीबुवांचंसुद्धा झालं. गुडघे ज्याचे, त्याचं नाव नाही. मग मीच पुतळ्याशेजारी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागलो की हा मी आहे. एका आजीबाईंनी चष्मा लावून आम्हा दोघांना आळीपाळीने न्याहाळलं आणि म्हणाल्या, “नाही रे बाळा, हा चांगल्या घरातला दिसतो.”

तेही गिळलं असतं. पण काल दुपारी बघतो तर ती डबा घेऊन त्याच बाकावर बसलेली, आणि त्या ठोंब्याशी चक्क बोलतेय. मी झुडपांच्या कुंपणामागे होतो (का होतो, हा प्रश्न गौण आहे). सांगत होती की घरच्यांनी एक स्थळ आणलंय, मुलगा अकाउंटंट आहे, माणूस वाईट नाही, रविवारी उत्तर द्यायचंय. घरात ज्याला त्याला सल्ला द्यायचाय, पण तुला काय वाटतं असं विचारून उत्तरासाठी थांबणारा एक नाही. हा थांबला होता. त्याला काय जातंय थांबायला, त्याला बाकाला बोल्टने आवळलंय.

माझं डोकंच फिरलं. कुंपणातून बाहेर आलो (शर्ट फाटला) आणि म्हटलं, हा चेहरा माझा आहे, बोलायचं तर माझ्याशी बोला. ती दचकलीसुद्धा नाही. डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, “चेहरा तुमचाच आहे, ते मला पहिल्या दिवशीच कळलं. म्हणून तर इथे येऊन बसते. फक्त हा मध्ये बोलत नाही.”

मी म्हटलं, कळलं होतं तर इतके दिवस सांगितलं का नाही, आणि कपाळ तरी नीट पाहिलंत का, आणि अकाउंटंटच कशाला हवा, आणि एवढ्यात बघतो तर ती काउंटरवर जाऊन बसलीसुद्धा. म्हणजे बघा मामा, चेहरा माझा, गुडघे माझे, आणि तिच्या मनातलं ऐकतोय कोण, तर आतून संपूर्ण पोकळ असलेला एक इसम.

तेव्हा तुम्ही सरांना एक खरमरीत पत्र लिहा. एकतर पुतळा तिथून हलवा, नाहीतर माझं डोकं कापून त्या जागी दुसऱ्या कोणाचं तरी बसवा. तोवर मी साच्याला हात लावणार नाही. (आज लावला तो शेवटचा.) मामींना नमस्कार सांगा, पत्र दाखवू नका.

तुमचा अत्यंत संतप्त भाचा

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी पत्र पुन्हा वाचलं. ‘म्हणून तर इथे येऊन बसते’ हे मी स्वतःच्या हाताने लिहिलंय, आणि तरी वाचेपर्यंत ऐकलं नव्हतं. सरांना काही लिहू नका. हात जोडतो, लिहू नका.

ता. क. २. पत्र खिशात तसंच ठेवून आज दुपारी बागेत गेलो. बाकासमोर गवतावर बसलो, जीभ दातांखाली दाबून. ती बोलली. डबा संपला तरी बोलली. (मध्ये अकाउंटंटच्या सुंदर अक्षराचा विषय निघाला तेव्हा मी मूठभर गवत उपटलं, पण बोललो नाही.) शेवटी म्हणाली, तुमच्याकडचं कोणी मोठं माणूस असेल तर रविवारच्या आत बाबांना भेटायला पाठवा. माझ्याकडे मोठं माणूस म्हणजे तुम्हीच. शनिवारी सकाळीच या. बोलायचं सगळं तुम्ही, मी शेजारी बसून राहीन.

ता. क. ३. तिचे वडील स्वभावाने अगदी माझ्यासारखे आहेत, असं ती म्हणाली. ऐकून आधी बरं वाटलं. मग तुमची काळजी वाटायला लागली.