व्याधाचा कौल

७ फेब्रु. १९३७, गुंजवणे
आज व्याध उभा राहिला. आठवा आणि शेवटचा दगड. मृगाचे चार पाय, पोटात घुसलेल्या बाणाचे तीन, आणि हा हरणामागे लागलेला शिकारी, पुरुषभर उंचीचा, डोकं-खांदे घडवलेला. पहारी, ओंडके, शिव्या, सगळं लागलं. माळ भाऊसाहेब वकिलांचा. "करा काय करायचं ते," म्हणाले, सुटलो. तीस वर्षं भोरच्या शाळेत पोरांना कमळं काढायला शिकवली, सुटीत इनामदार-सावकारांचे अर्धपुतळे केले. पगडी ओळखू आली की लोक खूश. आकाश मात्र माझं स्वतःचं काम. पाठीचे तीनतेरा. जेवलो तिप्पट.

९ फेब्रु.
सौ. भोरहून गाडीने आली. टेकाडावरून सगळं बघितलं. संध्याकाळी अंगणात जेवताना वर बघून, "अहो, वरचा व्याध हरणाच्या डावीकडे आहे. तुमचा उजवीकडे कसा?"
हसलो. मग हसू थांबलं.
प्रत्येक ताऱ्यातून ओळंबा सोडावा तसे दगड मांडले होते. पूर्वेचा पूर्वेला, पश्चिमेचा पश्चिमेला. पण आकाश आपण बघतो खालून आणि दगड वरून. चित्र उलटं पडलं. ड्रॉइंग मास्तर म्हणे! सौ. वर म्हणते, "देवाला तिकडून बरोबर दिसत असेल."
पाय आणि बाण दोन्हीकडून सारखेच दिसतात. व्याध तेवढा पलीकडे नेला की निभेल.

१४ फेब्रु., भोर
पाठीला लेप. पडून. उद्या सौ.सह परत गुंजवणे. माणसांना निरोप धाडलाय.

१५ फेब्रु., गुंजवणे
व्याधाला शेंदूर! पायाशी नारळाची शकलं, उदबत्त्या. माळाला लागून कोंडिबाचं शेत. त्याची गाभण म्हैस हरवली होती, ती व्याधाच्या सावलीत रेडकासकट सापडली. झाला म्हसोबा.
म्हणालो, "कोंडिबा, अरे हा म्हसोबा नव्हे. आकाशातला व्याध आहे."
"आसंल की. तितंबी त्योच आसंल. पर हितला आता हलवायचा न्हाई, मास्तर."
बोलावलेल्या माणसांनी पहारी खाली ठेवल्या. देवाला कोण पहार लावणार? संतापलो. तणतणत इथल्या बिऱ्हाडी आलो. तिन्हीसांजेला कोंडिबा खरवस घेऊन दारात. खरवस खाताना राग धरता येत नाही. दोनदा घेतला.

१७ फेब्रु.
चावडीवर बैठक. मी आकाश समजावून सांगितलं, हातवारे करून. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कुणालाच पटलं नाही. शेवटी कोंडिबाच म्हणाला, "द्येवालाच इचारू. कौल लावू. दोनी खांद्यांवर फुलं लावायची. उजवं पडलं तर खुशाल हलवा, डावं पडलं तर ऱ्हाऊ द्या. काय, मास्तर?"
हो म्हणालो. मी घडवलेल्या दगडाला मीच विचारायचं. पण चित्र सरळ व्हायचं तर दुसरी वाट नाही.

१९ फेब्रु.
एक गोष्ट फक्त मला ठाऊक. व्याधाचा डावा खांदा घासून गुळगुळीत केलाय, उजवा छिन्नीचे घाव ठेवून खरखरीत. फूल निसटणार ते डावंच. म्हणजे 'नाही'. मग माझा मृग जन्मभर उलटा.
दगड घासायचा कुरुंद पिशवीत टाकला. पहाटे जाऊन उजवा खांदा घासला तर कोण बघतंय. सौ.ला सांगितलं.
"घासा की," ती म्हणाली. "मग त्याला कौल कशाला म्हणायचं?"
आणि तांदूळ निवडत बसली. थोड्या वेळाने मीच कुरुंद पिशवीतून काढून फडताळात ठेवला. वाईट वाटलं. तरी बरं वाटलं.

२१ फेब्रु.
दुपारी कौल लावला. अख्खा गाव माळावर. कोंडिबाने आंघोळ करून ओल्या अंगाने फुलं लावली, गाऱ्हाणं घातलं. मी हात जोडून उभा, डाव्या खांद्याकडे बघत. आता निसटेल, मग निसटेल. नाही निसटलं. उजवंही नाही. माझी अक्कल इथेही चुकली.
"घाई न्हाई त्येला," कोंडिबा म्हणाला आणि मांडी घालून बसला. मग सगळेच बसले. कुणी उठेना. माझ्याशेजारची म्हातारी दगड निरखत सुनेला म्हणाली, "खांदा बग कसा काडलाय. आता वाकंल आन् बाण मारंल." शेंदराखालून हिला शिकारी दिसला. अर्धपुतळ्यांना लोक हार घालत आणि चहाकडे वळत. माझ्या दगडाकडे एवढा वेळ कुणी बघितलं नव्हतं.
दिवस मावळला. हे तिथेच बसून लिहितोय, अक्षर धड दिसत नाही. वर मृग दिसायला लागला, व्याध डावीकडे, जिथे असायचा तिथे. दोन्ही फुलं अजून खांद्यांवर. कुठलं पडावं, मला आता सांगता येत नाही. अजून थोडा वेळ कुठलंच पडू नये.