कोंडीची राखण

९ सप्टेंबर, मंगळवार

सैतानावर दोन हजार शब्द हवेत. दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन. "देशोदेशीचा सैतान. हलकंफुलकं, तुमच्या शैलीत." म्हणजे चावायचं, पण दात लागू द्यायचे नाहीत. कुणीतरी ऐनवेळी टांग दिलेली दिसते, म्हणून माझी आठवण. वर पितृपक्षात काम सांगतोय म्हणून माफीही मागितली. सैतानाबद्दल बोलायला तिथी बघणारा माणूस!

घेतलं काम.

पुस्तकं काढली. पहिल्याच दिवशी मौज. आपले देव ते जुन्या इराण्यांचे राक्षस, आणि आपले असुर त्यांच्याकडे परमेश्वर. कुंपणाच्या अलीकडे आरती, पलीकडे चपला. कुंपण कोणी घातलं ते मात्र कुठल्याच पुस्तकात नाही.

१२ सप्टेंबर

आज शिंगांच्या मागे लागले. ग्रीकांचा एक रानदेव होता, बकऱ्याच्या पायांचा. पावा वाजवायचा, गुरं राखायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नवा धर्म आला आणि याचीच शिंगं, याचेच खूर उचलून सैतानाला चिकटवले. बिचाऱ्याला कुणी विचारलंही नाही.

हरलेल्याचा देव हा जिंकलेल्याचं भूत. वाक्य बरं आहे. लेखात घालायचं.

१४ सप्टेंबर, रविवार

कळंबला अजेयकडे जेवायला. धाकटा भाऊ, पण बंगला बांधल्यापासून माझ्याशी थोरल्यासारखा बोलतो. आता तर त्या बंगल्यांच्या वसाहतीचा अध्यक्ष. गेटवरचा वॉचमन त्याला सलाम ठोकतो आणि तो मान हलवतो, तेव्हा आमचे बाबा हवे होते असं वाटतं. फार हसले असते.

जेवणानंतर त्याने फोनवर सीसीटीव्हीचं चित्रण दाखवलं. कुंपणाच्या कोपऱ्यात शेंदूर फासलेला दगड. त्याच्यापुढे एक बाई. अंडं, भात, गुलाल, नारळ. मग ती उठते आणि एकेका बंगल्याकडे हात करून काहीतरी पुटपुटते. आवाज नाही, नुसतं चित्र.

"बघ ताई, पहिलं बोट आमच्याकडे. सात नंबर."

"त्याच संध्याकाळी माझं डोकं चढलं," भावजय म्हणाली. ऋजुताचं डोकं ईशान्येला बादली ठेवली तरी चढतं.

बाई मी ओळखली. कोंडी. सगळ्या वसाहतीला दूध घालते. तिच्याच म्हशीच्या दुधाचा चहा पीत आम्ही तिला बघत होतो.

म्हटलं, "अरे, राखण देतेय ती."

"म्हणजे?"

"भात पोटरीला आलं की शिवेवरच्या देवाला द्यायचं. सगळ्यांना सांभाळ म्हणायचं."

"मग बोट कशाला दाखवायचं?"

"सांभाळायचं कोणाला, ते देवाला कळायला नको?"

"तू प्रत्येक गोष्टीचा विनोद करतेस." हसला.

आयुष्यात एकदा केला नव्हता, तर!

१६ सप्टेंबर

मुद्दाम कोंडीकडे जाऊन आले. वसाहतीमागेच तिचं घर. पडवीत नातू मांडीवर घेऊन बसली होती, त्याच्या तोंडाला लाळ, हिच्या पदराला लाळ, दोघं खुशीत. मुलगा पुण्याकडे कामाला. सून हर्षला आत भाकऱ्या थापत होती.

"तो चेडोबा हाय, शिवेवरचा देव," म्हणाली. "तुमचे बंगले जिथं हायेत ती सासऱ्याची जमीन. जमीन इकली, देव नाय इकला. नवरा होता तवर तो राखण द्यायचा, आता मी देते."

"आणि बंगल्यांकडे हात?"

"मंग? शिवेच्या आत हायेत ना ते? नाव घेतल्याबिगर तो वळखणार कसा? नवीन माणसं." मग जरा ऐटीत, "पयलं तुमच्या भावाचं घेते. अध्यक्ष हाय ना तो."

घरी येईपर्यंत हसत होते. देवाकडेही अजेयचा नंबर पहिला. सांगितलं असतं तर फुगून फुटला असता. सांगायला हवं होतं.

१८ सप्टेंबर

सांगायला उशीर झाला.

वसाहतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोंडीचा फोटो. अंड्यासमोर वाकलेली. खाली: "सावधान. ही महिला आपल्या घरांवर काळी जादू करत आहे. हिच्याकडून दूध घेऊ नये. — अध्यक्ष." ऋजुताने मला पाठवला, काळजीपोटी. पुढे दोन हात जोडलेले आणि एक दिवा.

अजेय इंजिनियर आहे, हे इथे लिहून ठेवते. पुढे माझाच विश्वास बसायचा नाही.

अजेयला फोन. उचलला नाही. पुन्हा केला. "मीटिंगमध्ये आहे" असा मेसेज. निवृत्त माणूस कसल्या मीटिंगमध्ये असतो?

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

फोटो गावात पोचला. वॉचमनच्या फोनवरून किराणावाल्याच्या, तिथून सगळ्यांच्या. आपल्याकडे रस्ता पोचायला वर्षं लागतात, बदनामी दुपारच्या आत पोचते.

कोंडीचं दूध घरीच. किती तूप कढवणार? ते एक वेळ असो. पण परवा नातवाला ताप भरला, आणि हर्षलाने त्याला हिच्या मांडीवरून उचलून घेतलं. साधा सर्दीचा ताप, डॉक्टरने औषध दिलं, उतरलाही. पोर मात्र परत दिलं नाही. कोंडीचं अंथरूण आता गोठ्यात.

मी गेले तेव्हा हर्षला उंबऱ्यात उभी होती, पोर कडेवर. ते आजीकडे झेपावत होतं. ही त्याचे हात धरून ठेवत होती.

"बारावी झालीस ना गं तू?"

"मी नाय मानत ताई. पण पोराचा प्रश्न हाय. आन् एवढी शिकलेली माणसं उगाच लिवतील का?"

अजेयच्या पदवीचा असा उपयोग होईल असं बाबांना फी भरताना वाटलं नसेल.

कोंडी गोठ्यातून म्हणाली, "तिला नका बोलू. ती आई हाय."

घरी येऊन पुस्तक उघडलं. युरोपात चेटकिणी म्हणून ज्या बायका जाळल्या, त्यांच्यावरच्या आरोपांत काय काय? शेजाऱ्याच्या गाईचं दूध आटवलं. लोणी येऊ दिलं नाही. पोराला नजर लावली. म्हातारी, एकटी, दूधदुभत्याची. समुद्र बदलतात, देव बदलतात, सैतानाची शिंगं लांब-आखूड होतात. बाई तीच.

पुस्तक भिरकावलं. लेख हलकाफुलका व्हायची चिन्हं नाहीत.

२३ सप्टेंबर

आज अजेयच्या दारातच उभी राहिले. आत नवरात्राचे घट. ऋजुताच्या हातात धूप.

त्याचं म्हणणं ऐकून मी गारच पडले. "जादूटोणाविरोधी कायद्यासाठी तूच ना मोर्चात गेलेलीस? आता तोच कायदा लावतोय तर तुला राग येतोय. मी तर उलट तिची तक्रार केली नाही, माणुसकी म्हणून."

म्हटलं, "गाढवा, वाच तरी. दगडापुढे अंडं ठेवणं हा गुन्हा नाही. अमकी बाई करणी करते म्हणून दवंडी पिटणं हा गुन्हा आहे. सैतान म्हणणं गुन्हा आहे. कायद्यात शब्दच आहे तो, सैतान. म्हणजे तू."

"मी कुठे मानतो काळी जादू? मी लोकांच्या भावना पोचवल्या फक्त."

"मग आता माझ्या पोचव. त्याच ग्रुपवर, तिच्याच फोटोखाली लिही की मी चुकलो. तिच्या घरी चल. सुनेदेखत तिच्या हातचं दूध पी. सून तुझंच ऐकून बसलीय, तुझ्याच तोंडून ऐकलं की तिची भीती सुटेल. तिला नातवाला हात लावू देत नाहीत, अजेय."

मला वाटलं, आता उठेल. डोळ्यांत लहानपणचा अजेय येऊन गेला, शपथेवर सांगते.

मग ऋजुता म्हणाली, "आज माफी मागितली की उद्या पार्किंगसाठीही मागायला लावतील."

आणि आमचे अध्यक्ष म्हणाले, "तेही आहे."

२६ सप्टेंबर

डोकं शांत व्हावं म्हणून कोंडाण्याची लेणी बघून आले. दगडात नाचणारी जोडपी आहेत. सैतान कुठेच नाही. दम लागला, डोकं शांत झालं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

कोंडीला म्हटलं, चल, तक्रार देऊ. मी येते बरोबर. पोलिसाने सांगितलं की ग्रुपही ऐकेल, हर्षलाही ऐकेल.

तिचा दीर नामा बसला होता, विडी विझवून कानामागे ठेवलेली. तो म्हणाला, "तुमी लिवणारी माणसं, तुमी लिवा. पन हिला नका उठवू."

"का? भीती वाटते?"

"भीती कसली? आवंदा राखण दिलीय ना तिनं."

मला कळेना. मग कोंडीनेच समजावलं, पोराला समजावतात तसं. राखणीत ज्याचं नाव घेतलं, भात घरात येईपर्यंत त्याचं वाईट चिंतायचं नाही. करायचं तर नाहीच. देवापुढे ज्याला सांभाळ म्हटलं त्यालाच आपण खाली पाडायचं, मग देवाने काय करायचं? "पयलं नाव तुमच्या भावाचं हाय, बाय. मी त्याच तोंडानं त्याच्यावर तक्रार देऊ?"

"त्याने तुझं वाटोळं केलं तरी?"

"त्यानं राखण दिली नाय ना. त्याला कशाचं बंधन?"

"आणि भात घरात येईपर्यंत? पोराचं काय?"

तोंड फिरवलं. म्हशीला चारा टाकायला उठली. म्हशीच्या पुढ्यात चारा होता.

मी इतक्या वर्षांत देवाधर्मावर काय काय लिहिलंय! भात झोडावं तसे झोडलेत सगळे. आज चपला घालून तरातरा निघाले. रागाने. कोंडीवरही राग आला, हो. असं चांगलं असायची गरज काय माणसाला? आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो तिकडे एसीत बसून तिला सैतान म्हणतोय आणि तिच्याच राखणीत सुखरूप आहे.

२ ऑक्टोबर, दसरा

आजचं अक्षर मलाच वाचता येत नाही.

वसाहतीत रावणदहन. मी जाणार नव्हते. अजेयचा फोन, "ये ताई, मिटवून टाकू सगळं, सणाचा दिवस आहे." मला वाटलं, कोंडीला बोलावलंय. चौकात माफी मागणार. मी गजरा घालून गेले! बावळट.

मैदानात रावण. दहा तोंडं, मिशा, ठीक. त्याच्या शेजारी दुसरा पुतळा. बाईचा. हिरवं लुगडं, कासोटा मारलेलं. केस पिंजारलेले. हातात पत्र्याची दुधाची बरणी.

"हे काय आहे?"

"मुलांनी केलंय," ऋजुता म्हणाली. "चेटकीण. किती छान कल्पना असतात ना मुलांच्या?"

अजेय माइकवर. "दुष्प्रवृत्ती अनेक रूपांत आपल्या आसपास वावरत असतात." टाळ्या. त्याने मला बघितलं आणि नजर दुसरीकडे नेली. म्हणजे कळत होतं त्याला. हे लिहून ठेवणं भाग आहे. न कळून केलं नाही.

मी माइक ओढायला गेले. कुणीतरी हसत हसत दंड धरला, "मॅडम, नंतर, नंतर." तेवढ्यात पेटवलं.

फटाके वाजत होते म्हणून मी फाटकाकडे पळाले, आणि फाटकाबाहेर कोंडी. आपट्याची पानं घेऊन आली होती. दरवर्षी वसाहतीत सोनं वाटते म्हणे. वॉचमनने अडवलेलं. तो बिचारा खाली बघत उभा.

जाळ चांगला वरपर्यंत गेला होता. बरणी काळी पडून खाली लोंबत होती.

कोंडी बघत होती. म्हणाली, "लुगडं माझ्यासारखंच हाय."

मग तिने पानं माझ्या हातात दिली. "अध्यक्षांना द्या." आणि निघून गेली. पदर सारखा केला, पाठ ताठ.

पानं दिली नाहीत. अजेय जवळ आला तेव्हा माझी मूठ आवळलेली होती, त्याला वाटलं मारते की काय. "मुलांचा खेळ गं ताई तो," म्हणाला.

३ ऑक्टोबर

सैतानावर लेख देत नाही, असं संपादकांना कळवलं. म्हणाले, "मग दुसरं काहीतरी हलकंफुलकं?" फोन ठेवला.

४ ऑक्टोबर, शनिवार

राखण कोंडीने दिली होती. मी नाही.

ठाण्यात जाऊन आले. तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदाराने फिर्यादीचं नाव लिहिलं, आरोपीचं लिहिलं, आणि थांबला. दोन्ही नावांपुढे बापाचं नाव हेमचंद्र, आडनाव एकच. "बाई, चुकून दोनदा आलं काय हे?"

म्हटलं, नाही. बरोबर आहे.