आपोआप लागलेल्या रांगा

बुधवार, संध्याकाळ. बेलवली.

चित्त थाऱ्यावर नाही. आज लॅबमध्ये सिलिकॉनच्या तुकड्यावर सोडलेले मँगनीजचे चुंबकी अणू आपोआप सरळ रांगांत बसले. तीन वर्षं ह्याच रांगांसाठी झटतेय. सर खूश, "पेपर लिहायला घे!" म्हणाले. पण तुकडा माझ्या चुकीने जास्त तापला होता, आणि वहीत मी नेहमीचंच तापमान लिहिलं. का लिहिलं? डोळे मिटले तरी त्या रांगाच दिसतात. आईला सांगितलं, तर म्हणाली, "सरांना सांगून टाक बाई, घास तरी उतरेल घशाखाली." फोन केला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अगं, म्हणजे त्या जास्तीच्या उष्णतेनेच रांगा लागल्या असतील. नेमकं किती तापलं होतं?"

मला आठवत नाही. खरा आकडा कुठेच लिहिलेला नाही.